हावळे गुरुजींचा उलटा हात

आमच्या शाळेत हजेरी घेण्याआधी मुलांच्या माना तपासतात. प्रार्थना संपली की मुलं रांगेत तशीच उभी राहतात आणि हावळे गुरुजी एका टोकापासून निघतात. उजवा हात उलटा करायचा, बोटांची मागची बाजू पोराच्या मानेला टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा. "गार. गार. कोमट. गार." कोमट निघालेल्यानं त्या दिवशी खिडकीपाशी वेगळं बसायचं. गरम निघालेल्यानं दप्तर उचलून घर गाठायचं. हे सगळं होईपर्यंत मी हजेरीपट नुसता उघडला, तरी गुरुजी लांबूनच बजावतात, "बाई, आधी हात, मग हजेरी."

भूम तालुक्यात ईटच्या पुढचं हे लहानसं गाव. शाळा चौथीपर्यंत आणि शिक्षक आम्ही दोघंच. गुरुजी निवृत्तीला टेकलेले, मी त्यांच्या मानानं नवी. भूमहून एसटीनं येते. बदली होऊन आले त्या पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला शाळेच्या दारात अडवलं. बाईमाणसाला हात कसा लावायचा, या अडचणीवर त्यांच्याकडे तोडगा तयार होता.

"बाई, तुमचं तुमीच बघा. उलटा हात लावा मानेला. काय हाय?"

"काय असायचंय?" मी म्हटलं. सकाळपासून एसटीत उभी होते, डोकं फिरलेलं होतं.

"गार, कोमट का गरम, तेवढंच सांगा. तुमच्यावर इश्वास हाय."

मी गार असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठं मला खुर्ची मिळाली.

या तीन शब्दांत गुरुजींनी सगळं जग बसवून टाकलं आहे. गावात प्रचाराची सभा झाली की "लई कोमट झाली" म्हणतात. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी चाखून "गरम हाय, बाई" म्हणाले, ते तिखटाबद्दल होतं. माझे यजमान एकदा मला न्यायला मोटारसायकलवरून आले होते. त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "माणूस गार हाय. तुमी नशीबवान." हे मी घरी जाऊन कौतुकानं सांगितलं, तर यजमान चार दिवस फुगून बसले.

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर शाल घालता घालता मानेला हात लावलाच, आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "साहेब, कोमट हाय तुमी. वर्गात नका जाऊ, लिंबाखाली बसा." साहेब चिडले, पण शिंका काही थांबेनात. मग सगळी तपासणी लिंबाखाली झाली. मुलं वर्गाच्या दारात उभी राहून लांबून पाढे म्हणत होती आणि साहेब रुमालाआडून "ऐकू येत नाही" म्हणत होते. जाताना त्यांनी गुरुजींना नमस्कार केला, तोही लांबूनच.

कोरोनाच्या वेळची ताप मोजायची बंदूक शाळेच्या कपाटात पडून आहे. सेल घातले की अजून चालते. मी एकदा ती बाहेर काढली, तर गुरुजी म्हणाले, "बाई, ती कपाळावर धरली की लेकरू डोळे मिटतंय. हात लावला की बोलतंय." मी बंदूक परत कपाटात ठेवली.

पण म्हणून त्यांचा हात अचूक होता, असं कुणी समजू नये. कबड्डी खेळून आलेली अख्खी चौथी त्यांनी एकदा गरम ठरवून घरी पाठवली होती. थंडीत शेकोटीपाशी बसून आलेली पोरंही गरम निघायची. हे मुलांच्या ध्यानात आलं, तशी गणिताच्या चाचणीच्या दिवशी शाळेत नेमकी तापाची साथ येऊ लागली. काखेत कांदा धरून ठेवला की अंग तापतं, असं पोरांत पक्कं मानलं जातं. मग गुरुजी मानेला हात लावून झाला की वाकून वासही घेऊ लागले. "गरम. आन् कांदा. बस खाली."

हात धुण्याच्या नळांना त्यांनी साबण टांगलेत, तेही मोज्यांत घालून. साबण उघडा ठेवला की कावळा तरी नेतो, नाहीतर पोरं तरी. म्हणून प्रत्येक नळाला एक मोजा. या कामात त्यांचे स्वतःचे सगळे मोजे खर्ची पडले, त्यामुळे ऐन थंडीतही ते उघड्या पायांत चपला घालून फिरतात. मी नवे मोजे आणून दिले, तर दुसऱ्या दिवशी तेही नळाला लटकलेले दिसले.

गावात गोवर आला की त्याला कुणी आजार म्हणत नाही. "आई आल्यात" म्हणतात, दाराला लिंबाचा डहाळा खोवतात, आणि पोराला जरा हुशारी वाटली की शाळेत धाडून देतात. गुरुजी कुणाच्या देवाशी भांडत नाहीत. अंगावरचे पुरळही न गेलेल्या नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांना ते हात जोडून म्हणाले, "तात्या, आईंचा मान मोठा. आमच्या शाळेत त्यांचा मानपान कोण करणार? त्या पुरत्या रवाना होऊ द्या, मगच लेकरू धाडा." तात्यांना ते एकदम पटलं. मी असते तर भांडून मोकळी झाले असते, आणि नातू वर्गात बसला असता.

आता त्यांची आणखी एक सवय सांगते. रांग संपली की गुरुजी टोपी काढतात, शेवटच्या पोरापुढे गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि मान पुढे करतात. "आता माझं बघ." ते पोर हात उलटा करून त्यांच्या मानेला लावतं, "गार" म्हणतं, सगळी हसतात आणि वर्गात जातात. मुलांची भीती मोडावी म्हणून हे नाटक चालतं, असं मला वाटायचं. एखाद्या दिवशी ठीक आहे, रोज कशाला, असंही वाटायचं.

गुरुजींच्या पत्नी काही वर्षांमागे वारल्या. मुलगा पुण्याला असतो. शाळेमागच्या गल्लीत एक खोली घेऊन गुरुजी एकटेच राहतात. सकाळी खोलीला कुलूप लावून सगळ्यांच्या आधी शाळेत येतात आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जातात. किल्ली सदऱ्याच्या खिशात असते. बोलता बोलता ती चाचपायची त्यांना सवय आहे.

त्याच गल्लीत रुपाली राहते. चौथीतली, उंचीनं सगळ्यांत मोठी, म्हणून रांगेत कायम शेवटी. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि ती आजीपाशी राहते. कधी गैरहजर नाही आणि मानेला हात लावला तर कधी साधी कोमटही नाही. "हे आपलं सगळ्यांत गार लेकरू," असं गुरुजी कौतुकानं म्हणायचे.

गेल्या थंडीत गावात पुन्हा गोवर निघाला आणि गुरुजींचं हसणं बंद झालं. आमच्या आवारातच अंगणवाडी आहे. तिथल्या बऱ्याच बारक्या लेकरांचे लशीचे डोस चुकलेले, कारण डोसाच्या वेळी ती आईबापाबरोबर उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीवर असतात. "बाई, एक गरम लेकरू माझ्या हातातून निसटलं की ही बारकी सापडत्याल," गुरुजी मला म्हणाले. "मोठ्याला सोसंल. ह्यांना ही बिमारी न्हाय सोसायची."

त्या आठवड्यात एक दिवस माझी एसटी लवकर पोचली. मैदानावर अजून कुणी नव्हतं. नळापाशी रुपाली एकटीच उभी होती. एवढ्या थंडीत ती रुमाल भिजवून मानेवर दाबून धरत होती, पिळत होती, पुन्हा भिजवत होती. मला वाटलं, शाई लागली असेल.

प्रार्थना झाली. गुरुजी रांगेच्या टोकाला तिच्यापाशी पोचले, हात लावला, "गार" म्हणाले आणि टोपी काढून वाकले. तिनंही हात लावला आणि "गार" म्हणाली. तेवढ्यात मला तिचे डोळे दिसले. लालभडक झाले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"गुरुजी, हिला परत बघा," मी म्हटलं.

"गारच हाय, बाई."

"बघा परत. आणि हात लगेच काढू नका."

त्यांनी हात ठेवला. नळाच्या पाण्याचा गारवा हळूहळू सरला आणि खालून ताप वर आला. तो मला गुरुजींच्या चेहऱ्यावरून कळला.

"कशापायी गं, बाळ?"

"घराला कुलूप हाय, गुरुजी." ती खाली बघत होती. "आजी खुरपायला जाती. किल्ली तिच्या कंबरला. तुमी घरी धाडलं की दिस मावळेस्तोवर वट्यावर बसावं लागतंय."

"आधीबी असंच केलतंस?"

तिनं मान डोलावली.

गुरुजी पायरीवर बसले. इतकी वर्षं त्यांनी गरम लेकरू घरी पाठवलं, ते घर उघडं आहे असं धरून. "बाई," ते म्हणाले, "म्या अशी किती लेकरं वट्यावर नेऊन बसवली असत्याल." मलाही ते कधी सुचलं नव्हतं.

मग ते उठले. शाळेची अडगळीची खोली त्यांनी स्वतः झाडली, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि आपल्या खोलीतली वाकळ आणून अंथरली. उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. गोवरच होता. त्यांनी रुपालीला औषध दिलं आणि अंगणवाडीतले राहिलेले डोसही त्याच आठवड्यात उरकून टाकले. रुपाली दिवसा त्या खोलीत आणि रात्री आजीपाशी, असं चाललं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिच्यासाठी पातळ खिचडी वेगळी काढायच्या. पुढं आणखी दोन मुलं त्या खोलीत निजली. बारक्यांपर्यंत मात्र काही गेलं नाही. तो गुण हाताचा की सिस्टरच्या सुईचा, हे मला ठाऊक आहे, पण मी बोलले नाही.

सिस्टरनी परवानगी दिली तशी रुपाली रांगेत परत आली. बारीक झाली होती. आता गुरुजी प्रत्येकाच्या मानेवर हात जरा जास्त वेळ ठेवतात, तसा तिच्याही ठेवला. "गार," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. मग टोपी काढून वाकले.

रुपालीनं हात लावला आणि काढला नाही.

"गार म्हण की," गुरुजी म्हणाले.

"न्हाय, गुरुजी. गरम हाय."

मुलं हसली. रुपाली हसली नाही.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. मागं पावसाळ्यातबी तुमी असंच गरम व्हता. तवा म्या गार म्हणले."

"का गं?"

"तुमच्याबी घराला कुलूपच की. धाडलं असतं तर कुठं बसला असता?"

गुरुजी वाकलेले तसेच राहिले. त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला आणि तिथंच थांबला. मला रडू आलं आणि मी हजेरीपट तोंडापुढं धरला. रोज कशाला, असं मला वाटायचं ना, ते आता वाटेनासं झालं. दिवसातून एकदा कुणाचा तरी हात त्या माणसाच्या मानेला लागत होता, तो तेवढाच.

मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. ते अडगळीच्या खोलीत गेले आणि आपल्याच वाकळेवर आडवे झाले. रुपाली त्यांच्या मागोमाग गेली. मी तिला अडवलं नाही. तिला गोवर होऊन गेला होता, आणि आजाऱ्यापाशी कुणीतरी बसावं लागतं, हे आम्हा दोघांपेक्षा तिला जास्त कळत होतं.

मी बाकीची मुलं वर्गात बसवली आणि हजेरी घेऊ लागले. रुपालीचं नाव पुकारलं, तेव्हा त्या खोलीच्या दारातून आवाज आला.

"हजर, बाई. आन् गुरुजीबी."