बारदान काटून

आमच्या गल्लीतले गजाभाऊ दर मंगळवारी सकाळी स्वतःचं वजन करून घेतात, आणि दोनदा करून घेतात. पुरानी बस्तीच्या वळणावर तांदळाचं एक दुकान आहे. तिथल्या पोती मोजायच्या काट्यावर ते आधी चपलांसकट उभे राहतात आणि आकडा पाहतात. मग खाली उतरून नुसत्या चपला, चष्मा आणि घराच्या किल्ल्या काट्यावर ठेवतात. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करतात आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "सत्तेचाळीस किलो. बारदान काटून."

चपला काढूनच का चढत नाहीत, असं मी एकदा दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "हमने भी बोला था भैया. कहते हैं, फिर घटाने को बचेगा क्या?"

गजाभाऊंची सगळी नोकरी गुढ़ियारीच्या मालधक्क्यावर गेली. भरलेलं पोतं तोलायचं, त्यातून रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन काटायचं, आणि उरेल तो खरा माल. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण हात अजून वजाबाकीच करतो. कुणी जरा फुगवून बोललं की ते तळहात वर करतात, "बारदान काटून बोल." शेजारच्या वहिनी एकदा सांगत होत्या, मुलाला ऑफिसात इतकं काम असतं, इतकं काम असतं, की बिचाऱ्याला फोन करायलासुद्धा वेळ मिळत नाही. गजाभाऊ म्हणाले, "बारदान काटून सांगा वैनी. फोन करत नाही." वहिनी त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

असा हा काटेकोर माणूस एकाच गोष्टीत गोणीसकट बोलत असे, ती म्हणजे स्वतःचं जेवण. उंची पावणेसहा फूट, अंगातला शर्ट दोरीवर वाळत घातल्यासारखा, आणि नाव गजानन. वर म्हणायचे, "मी खातो हत्तीवानी, पण अंगाले लागतच नाही. आमचं खानदानच काटक." पुरावाही तयार असे. राजनांदगावच्या एका लग्नात त्यांनी एकतीस गुलाबजाम खाल्ले होते.

"आणि दुसऱ्या दिवशी?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्या दिवशी कोन खाते बाप्पा? दोन दिवस नुसत्या पाण्यावर होतो."

"मग ते दोन दिवस तुम्ही मोजत नाही?"

"जे खाल्लंच नाही ते काय मोजू, मास्तर?"

मी मास्तर नव्हतो. कॉलेजात ग्रंथपाल होतो. पण पुस्तकं धरून बसणारा म्हणून गल्लीनं मला मास्तर केलं. त्या उत्तरानं मी बरेच दिवस विचारात पडलो. जन्मजात बारीक माणसं खरंच खूप खातात आणि तरी बारीक राहतात, की त्यांच्या लक्षात फक्त एकतीस गुलाबजाम राहतात? एखादं मोठं जेवण आयुष्यभर सांगता येतं. अर्धपोटी गेलेल्या मंगळवाराची गोष्ट कोण सांगणार? मला वाटायचं, हे एकदा नीट पाहायला हवं. पण पाहण्याइतकं लक्ष तेव्हा माझं कशातच नव्हतं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात माझी पत्नी सुमन गेली. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी चहावर काढले असावेत. नक्की आठवत नाही. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती, एवढं आठवतं. मग एका दुपारी साडेबारा वाजता गजाभाऊ समोरच्या घरातून आले आणि सुमनच्या पाटावर बसून म्हणाले, "गॅस संपला मायावाला. आज तुयाकडंच जेवून घेतो." दुसऱ्या दिवशीही गॅस संपलेलाच होता. तो चौदा महिने संपलेला राहिला. मी कधी विचारलं नाही. जेवताना मी समोर पुस्तक धरून बसायचो. पलीकडच्या पाटाकडे नजर जायला नको, म्हणून ती सवय लागली होती. गजाभाऊ बोलत राहायचे, मी पानं उलटत राहायचो, आणि स्वयंपाकाच्या दुलारीबाई पोळ्या वाढत राहायच्या.

या भाद्रपदात गजाभाऊंच्या मुलीचा, वसुधाचा, पुण्याहून मला फोन आला. "काका, बाबा सच में खाते हैं क्या? व्हिडिओ कॉलवर गालच दिसत नाहीत. त्यांना विचारलं की हत्ती सांगतात. आप लिखके भेजो ना, सात दिवस. काय खाल्लं, किती खाल्लं. कम निकला तो मैं दिवाली से पहले आकर ले जाऊँगी, बस."

गजाभाऊंना हे सांगितलं. "पुण्यात मी काय करू, लेका? तेराव्या मजल्यावरून खाली पाहत बसू?" मग मान ताठ केली. "लिही. बिनधास्त लिही. मले काहून भीती? पण एक सांगून ठेवतो, काट्याशी बेइमानी नाही. जे असंल ते."

वाचनालयातली कॅटलॉगची कोरी कार्डं माझ्याकडे पडून होती. एका दिवसाला एक कार्ड. पहिल्या दिवशी गजाभाऊंनी हात धुता धुता सांगितलं, "चार पोळ्या, वरण दोन वाट्या, भात दोनदा. संध्याकाळी एक पातेलं भरून." कशाचं पातेलं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला खरोखर आश्चर्य वाटलं. म्हणजे माणूस खरं बोलत होता.

तिसऱ्या दिवशी ताटं उचलताना दुलारीबाईंनी मला कार्डावर 'पोळ्या चार' लिहिताना पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "चार? हव, चार परोसथँव मैं. फेर ओ हर तो तुँहरे थारी म डारत रहिथे, गुरुजी. तुमन किताब म मूड़ी गड़ियाए रहिथव." म्हणजे वाढलेल्या चार पोळ्या माझ्याच ताटात येत होत्या, आणि माझं डोकं पुस्तकात होतं.

चौथ्या दिवशी मी पुस्तक धरलं, पण वाचलं नाही. पानाच्या कडेवरून पाहिलं. पहिली पोळी आली. तिचा पाव भाग गाईसाठी बाजूला निघाला. मग अर्धी, "ही जरा कडक आहे, तुये दात चांगले," असं म्हणत माझ्या ताटात आली. दुसरी, "वाफ गेली हिची," म्हणून अर्धी आली. तिसरीतली अर्धी त्यांनी खाल्ली, आणि मालगाडीची एक गोष्ट रंगात आल्यावर बाकीची आली. चौथी कधी आली ते पाहत असूनही मला कळलं नाही. भाताचंही तसंच. आणि माझा हात पुस्तकाखालून शहाण्यासारखा सगळं तोंडात घालत होता. मला आठवलं, पट्ट्याची ती दोन नवी भोकं केव्हाच मागं पडली होती. जुनं भोकही हल्ली काचत होतं. मी धोब्याला दोष देत होतो, पँट आटवतो म्हणून.

त्या संध्याकाळी मी पातेलं पाहायला त्यांच्या घरी गेलो. पातेलं खरंच मोठं होतं, आणि काठोकाठ भरलेलं होतं. मुर्रा होता, वर मूठभर फुटाणे. मुर्रा म्हणजे आपले कुरमुरे. जन्मभर तोलून घेणारा माणूस स्वतःच्या घरी मापानं घेत होता, भांडं भरलेलं दिसलं की झालं. ओट्याखाली गॅसचं सिलिंडर होतं, आणि त्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं सील तसंच होतं. वर धूळ.

"गजाभाऊ," मी म्हणालो, "बारदान काटा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सिलिंडरकडे. काट्यावर जन्मात खोटं न बोललेला माणूस गॅसबद्दल खोटं बोलला होता, आणि पकडला गेला होता. ते पातेल्यातले फुटाणे निवडत बसले.

"किती निघते?" त्यांनी विचारलं.

"दुपारच्या पोळ्या, सव्वा."

"सव्वा?" त्यांना खरोखरच धक्का बसला. "अन् मले वाटून राहिलं होतं चार. ताटात तं चारच दिसतात ना." मग हळूच म्हणाले, "वसुधाची माय गेली तवापासून एकट्यासाठी चूल पेटवाले हात उचलत नाही, मास्तर. सात वर्षं झाली. अन् तू तं तवा चहावरच होता. समोरचा खाऊन राहिला की माया पोटाले बरं वाटते. तेच मी धरून चाललो असन, का माया पोटात गेलं."

मी म्हणालो, "वसुधाला काय लिहू? आतापर्यंतची कार्डं चांगली दिसतात."

"ते ग्रॉस आहे, बारदानासकट." त्यांचा आवाज मालधक्क्यावरचा झाला. "फाडून टाक. नवीन कर. सव्वा लिही. पोरगी नेईन तं नेईन."

मी चार दिवसांची कार्डं पुन्हा लिहिली, पहिल्या तीन दिवसांची दुलारीबाईंना विचारून. सव्वा, सव्वा, दीड, सव्वा. संध्याकाळी मुर्रा. अक्षर चांगलं काढलं, त्याहून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पण सातातले तीन दिवस अजून कोरे होते.

पाचव्या दिवशी मी पुस्तक कपाटात ठेवून जेवायला बसलो. चौदा महिन्यांनी पलीकडच्या पाटाकडे सरळ पाहिलं. तिथं एक हडकुळा म्हातारा बसला होता, आणि त्याच्या हातातली अर्धी पोळी माझ्या ताटाकडे यायला निघाली होती. मी ती वाटेतच थांबवली. तो "कडक आहे" म्हणाला. मी "तव्यावर पुन्हा टाका" म्हणालो. दुलारीबाईंनी टाकली. संध्याकाळी सहाला मी त्याला हाक मारली. खिचडी मीच केली होती, आणि ती खाली लागली होती. "करपली," तो म्हणाला. "खा," मी म्हणालो. त्यानं खाल्ली.

सातही कार्डांचे फोटो मी वसुधाला पाठवले. तिचा लगेच फोन आला. "काका, पहिले चार दिन इतना कम, और बाद में दुगुना? असं कसं?"

"पहिले चार दिवस माझ्यासमोर पुस्तक होतं," मी म्हणालो.

मग तिला सगळं सांगितलं, सिलिंडरच्या सीलसकट. "ठीक है," ती म्हणाली. "दिवाळीला येते, पण न्यायला नाही. तोवर दर मंगळवारी वजन पाठवा. दोनों का."

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. गजाभाऊ चढले, उतरले, चपला-चष्मा-किल्ल्या ठेवल्या, वजाबाकी केली आणि जाहीर केलं, "साडेसत्तेचाळीस. बारदान काटून." मग मला म्हणाले, "चढ." मी चढायला निघालो. त्यांनी मला अडवलं, माझ्या काखेतलं पुस्तक काढून घेतलं आणि ते आपल्या चपलांशेजारी ठेवलं.