नंदूभाऊ आणि पिंपळगावच्या लेकी

नंदूभाऊंनी आजवर मला पैठणी केलंय, तुरीची डाळ केलंय आणि एकदा तर मंगल कार्यालयाचा फोटो करून खिडकीपाशी उभं केलंय.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर वेबसाइट बनवायचं आमचं छोटं ऑफिस आहे. नंदूभाऊ तिथले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. पन्नाशी उलटलेली, शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. वेबसाइटच्या पोटात भरलेल्या माहितीतून हवं तेवढंच पानावर आणायला जो प्रश्न लिहावा लागतो, त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. ती बिघडली की बाकीचे स्क्रीनकडे डोळे फाडून बघत बसतात. नंदूभाऊ खुर्ची मागे सारतात आणि माणसं गोळा करतात. प्रत्येकाला एकेक नोंद बनवायचं आणि क्वेरीतली अट मोठ्यानं वाचायची. अटीत बसेल त्यानं थांबायचं, न बसेल त्यानं गॅलरीत जायचं. डाळीच्या एका व्यापाऱ्याला तर त्यांनी ‘संपलेला माल’ म्हणून बाहेर काढलं होतं. बिचारा बिल विचारायला आला होता.

“मशीनवर रागावून काय फायदा?” ते म्हणायचे. “आपणच भलतं विचारून राह्यलो.”

मागच्या वर्षी कावेरीताई आल्या. भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईच्या शिक्षिका. गावाची वेबसाइट त्यांनी मोठ्या हौसेनं आमच्याकडून करून घेतली होती. लग्न होऊन गेलेल्या लेकींना गावानं एक दिवस बोलवायचं ठरवलं होतं; रेणुकामातेच्या देवळात सगळ्यांची ओटी भरायची होती. ताईंनी घरोघर फिरून लेकींची नावं गोळा केली, वेबसाइटवर भरली. त्याच पानावरून निमंत्रणं जायची होती आणि पान उघडलं की कोरं. कार्यक्रम आठवड्यावर आला होता. बाईंनी नुसताच गाजावाजा केला, अशी कुजबुज गावात सुरू झाली होती.

नंदूभाऊंनी लगेच सगळ्यांना उभं केलं. मी परभणीला दिलेली लेक, कावेरीताई सिल्लोडची, आणि खालचे कापड दुकानदार, मिशांसकट, पुण्याची लेक. मग त्यांनी अट वाचली, “गाव पिंपळगाव. बाकीच्यांनी बाहेर.” आम्ही लेकी मुकाट्यानं गॅलरीत गेलो.

खोलीत नंदूभाऊ एकटेच उरले.

“क्वेरी तिचं काम बराबर करून राह्यली,” ते म्हणाले. “आपण राहतं गाव विचारलं. लेकी तिथं राहतात कुठं? माहेर विचारायला पाहिजे.”

त्यांनी अट बदलली आणि पान वरपासून खालपर्यंत नावांनी भरलं. कावेरीताईंनी पदर डोळ्यांना लावला. पुण्याच्या लेकीनं सगळ्यांना चहा मागवला.

ताई निघाल्या तेव्हा नंदूभाऊ जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. दाराशेजारीच माझं टेबल, त्यामुळे मला ऐकू आलं. एरवी खणखणीत बोलणारा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

“ताई, अजून एक नाव घालता का? माझी मोठी बहीण, शकुंतला. नांदेडला दिलीय. आईवडील गेले, घर इकलं. मी भाड्याच्या खोलीत राहतो, एकटाच. तिला यायला जागाच न्हाई राह्यली.”

ताईंनी माहेर कोणतं लिहू म्हणून विचारलं. नंदूभाऊ शर्टाचं वरचं बटण चाचपू लागले. मग ताईच म्हणाल्या, “पिंपळगाव लिहिते. त्यांना माझ्याच घरी उतरू द्या.”

कार्यक्रमाला मीही गेले होते. शकुंतलाबाई हिरवी साडी नेसून बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. ओटीचा नारळ दोन्ही हातांनी मांडीवर धरलेला, शेजारणीशी गप्पा रंगलेल्या. नंदूभाऊ मंडपाबाहेर उन्हात उभे होते, बहिणीच्या चपला हातात घेऊन. मी म्हटलं, सावलीत येऊन बसा.

“देवळापुढून चपला चोरीला जातात,” ते म्हणाले. मान मात्र माझ्याकडे वळली नाही; नजर बहिणीवरच होती.