सासूबाईंची डिस्क आणि बेपत्ता ड्राइव्ह

आमच्या घरात संगणक दुरुस्तीवाल्याला प्रवेश नाही. हा नियम मी केलेला आहे. ज्या माणसाने ऑफिसातला रुसलेला प्रिंटर नुसत्या दोन थापा मारून चालू केला, त्याने स्वतःच्या संगणकासाठी बाहेरचा माणूस बोलवायचा म्हणजे शिंप्याने बटण लावायला दुसऱ्या शिंप्याकडे जाण्यासारखं झालं. बायकोचं म्हणणं असं की, प्रिंटर आधीच आपोआप चालू झाला होता आणि माझ्या थापा मागाहून पडल्या. असो. संसार म्हटला की मतभेद आलेच.

तर परवा सासूबाई आल्या. मुक्काम एकच दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या धाकट्या मुलीकडे जाणार होत्या. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक डिस्क काढली. धाकटीच्या लग्नाची. त्या लग्नात सासरे माइक हातात घेऊन चार शब्द बोलले होते, आणि सासरे जाऊन आता दोन वर्षं होत आली.

"ह्यांचा चेहरा फोटोत दिसतो हो," त्या म्हणाल्या, "पण आवाज आताशा नीट आठवेनासा झालाय. कपाट आवरताना ही सापडली. एवढी एकच आहे. धाकटीकडच्या संगणकाला डिस्क घालायची सोयच नाही. तुमच्याकडे लागेल का?"

लागेल का! मी म्हणालो, "पाच मिनिटांत लावतो. तुम्ही फक्त समोर बसा."

त्या खुर्ची ओढून बसल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, काळजी होती. मी ट्रेमध्ये डिस्क ठेवली, ट्रे आत गेला, आतून थोडी घरघर झाली आणि सगळं शांत झालं. पडद्यावर काहीच येईना. ड्राइव्ह शोधायला गेलो तर संगणकाने चक्क कानावर हात ठेवले. असला कुठला ड्राइव्ह आपल्याकडे नाही आणि कधी नव्हताच, असा त्याचा एकूण पवित्रा होता. बरं, डिस्क बाहेर काढावी म्हणून बटण दाबलं तर ट्रेही बाहेर येईना.

सासूबाईंनी मोकळा रुमाल मुठीत घट्ट धरलेला मला दिसला.

ड्राइव्हच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं आणि त्यात पिन खुपसली की ट्रे बाहेर येतो, हे मला माहीत होतं. बायकोच्या केसातली पिन जाड निघाली. मग एक सेफ्टी पिन सरळ केली, ती आधी माझ्या अंगठ्यात गेली आणि मग भोकात. ट्रे बाहेर आला. सासूबाईंनी तान्ह्या बाळासारखी डिस्क उचलून पुन्हा रुमालात गुंडाळली आणि अदबीने म्हणाल्या, "तुमचं होईपर्यंत ही माझ्याकडेच असू द्या."

मी ऑफिसातल्या संगणक विभागातल्या मित्राला फोन लावला. त्याला आम्ही पंडित म्हणतो. पंडित म्हणाला, उपकरणांची यादी उघड, तुझ्या ड्राइव्हपुढे पिवळी खूण असेल. खरोखरच होती. म्हणजे ड्राइव्हचा ड्रायव्हर गायब झाला होता. सासूबाईंना मी समजावून सांगितलं की ड्रायव्हर हा संगणक आणि ड्राइव्ह यांच्यातला मध्यस्थ. तो नसला की दोघं एकाच घरात राहूनसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. यावर बायको दारातून "हं" म्हणाली. त्या "हं"कडे मी दुर्लक्ष केलं.

पंडित पुढे सांगत होता की ती नोंद यादीतून काढून टाक, आणि मग... पण मला एवढं पुरेसं होतं. इशारा मिळाला की बाकीचं मी जुळवून घेतो. "कळलं, कळलं," म्हणून मी फोन ठेवला.

नोंद काढली. काही झालं नाही. म्हणजे मुळाशीच घाण साचली असणार! यादीत आणखी बरीच नावं होती आणि त्यातली निम्मी मी आयुष्यात ऐकली नव्हती. ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही त्याचं आपल्या घरात काय काम? मी सपाटा लावला. पहिल्या झटक्यात संगणकाचा आवाज गेला, दुसऱ्यात इंटरनेट गेलं. मग मी थांबलो. सुज्ञ माणसाने कुठे थांबावं हे कळायला हवं.

पंडितला पुन्हा फोन केला तर तो मीटिंगमध्ये. मोबाइलवर शोधलं तर प्रत्येक जण वेगळाच उपाय सांगत होता आणि प्रत्येक उपायाखाली लोक 'काही उपयोग झाला नाही' म्हणून रडत होते. शेवटी माळ्यावर चढून संगणकाचं मूळ खोकं काढलं. त्यात, काय सांगू, सगळ्या ड्रायव्हरचं एक पाकीट जसंच्या तसं होतं! मी विजयाने ते उघडलं. आत डिस्क होती.

म्हणजे ड्रायव्हर डिस्कवर, आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. किल्ली आत ठेवून कपाटाला कुलूप लावलं की माणूस जसा कपाटाकडे बघत बसतो, तसा मी त्या संगणकाकडे बघत बसलो.

"जावईबापू, दमलात तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "नाही लागली तरी चालेल हो. उगाच त्रास नको."

इथेच घोटाळा झाला. आमच्या सासूबाईंच्या घरात जावयाला 'तुम्हाला जमत नाही' असं म्हणायची पद्धत नाही. जावयाने गळका नळ आणखी गळका केला तरी 'पाणी आता मोकळं येतं' म्हणायचं. त्यामुळे त्या 'राहू द्या' म्हणाल्या की मी त्याचा अर्थ 'चालू द्या' असाच लावत आलोय. मी पेचकस घेतला, टेबलाखाली शिरलो आणि संगणकाची पेटी उघडली.

आत धुळीची गादी पसरली होती. संगणक बंद करण्यात वेळ न घालवता, ड्राइव्हच्या वायरी उपसून परत बसवता बसवता मी सासूबाईंना आतली रचना समजावून देत होतो. कुठली वायर कुठे जाते, कुठल्या वायरीचा मला संशय आहे, पूर्वीचे ड्राइव्ह कसे दणकट असत. सुरुवातीला त्या "हो का", "अगंबाई" असं म्हणत होत्या. पुढे पुढे त्यांचा आवाज येईना. मला वाटलं, विषयात रंगल्या.

पेटी पुन्हा बंद केली, पडद्यासमोर येऊन बसलो, यादी उघडली. ड्राइव्ह अजून नाहीच, आणि पिवळी खूण तर मीच मघाशी पुसलेली! मी पडद्याला नाक लावून बघतोय, तेवढ्यात पडदा काळा झाला. मागे बायको उभी होती. तिच्या एका हातात संगणकाचा ओढून काढलेला प्लग आणि दुसऱ्या हातात इस्त्री.

"अगं, काय केलंस हे?"

"आईची उद्याची साडी. दुसरं सॉकेट तूच मागच्या महिन्यात दुरुस्त केलंयस."

साडीची इस्त्री होईपर्यंत मी शेजारी उभा राहिलो. मग तिनेच संगणकाचा प्लग परत लावला आणि चालू करायचं बटणही दाबलं. आणि काय आश्चर्य! पडद्याच्या कोपऱ्यात एकामागून एक निरोप येऊ लागले. नवीन उपकरण सापडलं, ड्रायव्हर बसवला. आवाज आला, इंटरनेट आलं आणि शेवटी ड्राइव्ह स्वतःच्या नावानिशी हजर झाला. पंडितचं अर्धवट राहिलेलं वाक्य 'आणि मग संगणक बंद करून चालू कर' असं असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पण ते बायकोला सांगायची गरज नव्हती.

"लावला की नाही?" मी म्हणालो. "बोलाव आईंना."

"आई वरच्या मजल्यावर गेलीय. तिथे राहणाऱ्या गायनाच्या बाईंकडे टीव्हीला जुना प्लेअर जोडलेला आहे. तू टेबलाखाली शिरलास आणि थोड्या वेळाने ती गेली. जावयांना वाईट वाटेल, सांगू नकोस म्हणाली."

मी दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेलो. म्हटलं, आता उचलून खाली आणतो सगळ्यांना. आपला ड्राइव्ह चालू असताना परक्याच्या घरी का बघायचं? बाईंचं दार उघडंच होतं. आत मजल्यावरची बरीच मंडळी जमली होती. सासूबाई टीव्हीच्या अगदी जवळ, जमिनीवरच बसल्या होत्या आणि पडद्यावर सासरे माइक धरून उभे होते. तोच आवाज. थोडा घोगरा, प्रत्येक वाक्याआधी खाकरून घेणारा. सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मी काय सांगायला आलो होतो ते विसरलो. तिथेच दारात उभा राहिलो.

सासरे नव्या व्याह्यांना एकेकाची ओळख करून देत होते. ते खाकरले आणि म्हणाले, "हे आमचे थोरले जावई. माणूस सोन्यासारखा. अडीअडचणीला कधीही हाक मारा, धावत येतील. फक्त घरात काही बिघडलं असेल, तर मात्र हाक मारू नका."

पडद्यावरचे पाहुणे हसले, खोलीतली मंडळी हसली आणि मग सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. माझ्या केसांत, भुवयांवर, शर्टभर टेबलाखालची धूळ होती.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "मनावर घेऊ नका हं जावईबापू, ह्यांचं बोलणंच असं." मग बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाई, तेवढं एकच वाक्य पुन्हा लावता का?"

बाईंनी लावलं. मग पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी सासरे खाकरले की सासूबाई वाक्याच्या आधीच हसायला लागायच्या, आणि त्यांना तसं हसताना बघून मीही खाली बसकण मारून हसत होतो. पाचव्या-सहाव्या खेपेला रिमोटचं बटण जरा अडकलं. बाई ते पुन्हा पुन्हा दाबू लागल्या. मी मदतीसाठी नुसता हात पुढे केला.

गायनाच्या बाईंनी रिमोट चटकन पाठीमागे धरला.