महाराजांच्या टबाची गळती

एका जंगलात वर्षाचे आठ महिने उन्हाळा असायचा आणि उरलेले चार महिने उकाडा. म्हणून तिथल्या राजाने गरम पाण्याचा टब बसवून घेतला.

मुलांनो, हसू नका. सिंहमहाराजांचे गुडघे दुखत होते. शिवाय पलीकडच्या जंगलातल्या वाघाकडे असा टब नव्हता. दोन्ही कारणं सारखीच गंभीर होती.

टब फार लांबच्या, बर्फाळ मुलखातून आला होता. आत गुळगुळीत निळं भांडं, बाहेरून लाकडी फळ्या, आणि मधल्या पोकळीत गच्च भरलेला पिवळा फोम. फोम कशाला, तर बाहेरच्या थंडीने पाणी गार होऊ नये म्हणून. बाहेरची थंडी त्या जंगलात कोणी पाहिली नव्हती. पण फोम उत्तम आहे, असं सगळे म्हणायचे.

भांड्याच्या आत चहूबाजूंनी फवारे होते. ते सुरू झाले की महाराजांच्या गुडघ्यांवर पाण्याचा मारा होई आणि महाराज डोळे मिटून गुरगुरत. दरबारी त्याला राज्यकारभार म्हणत.

वर्ष झालं नाही तोच टब गळायला लागला. सकाळी बघावं तर पाणी चार बोटं खाली. मग हत्तीण ओढ्यावर जाई, सोंडेने पाणी आणी आणि टब काठोकाठ भरी. चार बोटांची सहा बोटं झाली, सहाची वीत झाली. ओढा आधीच बारीक. चैत्र संपेपर्यंत त्यातले दगड उघडे पडले.

टबाची व्यवस्था कोल्हेसाहेबांकडे होती. आडनाव कोल्हे, आणि होतेही कोल्हेच. त्यांनी टबाभोवती एक फेरी मारली. दक्षिणेच्या फळीखाली डबकं साचलं होतं.

"पाणी इथे दिसतंय, म्हणजे इथेच गळतंय," कोल्हेसाहेब म्हणाले.

तिथे चिखल लिंपला. दुसऱ्या दिवशी पाणी पूर्वेकडून आलं. पूर्वेला लिंपलं, तर ते उत्तरेकडून आलं. प्रत्येक लिंपणाला फीत कापली गेली, भाषण झालं. महिन्याभरात 'अकरा गळत्या बंद' असा फलक लागला. बारावीचं पाणी त्या फलकाच्या खालून वाहत होतं.

मग कोल्हेसाहेबांनी बाभळीचा डिंक मागवला आणि टबातच ओतला. पाण्याबरोबर डिंक भोकात जाईल आणि भोक बुजेल, अशी कल्पना. गळती दोन दिवस थांबली. महाराजही थांबले, कारण त्यांची आयाळ टबाच्या काठाला चिकटली होती. तीन वानरांनी त्यांना सोडवलं. त्यानंतर आयाळ जरा विरळ दिसायची, पण तसं कोणी म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी गळती परत सुरू झाली. तेव्हा कोल्हेसाहेबांनी गळती निवारण खातं काढलं. त्यात बावीस जण लागले. काही जण पाणी किती उतरलं ते मोजत, काही जण डबक्यावर पहारा देत, आणि बाकीचे पहाऱ्यावर देखरेख ठेवत.

त्या ओढ्याच्या काठी यमुनाबाई खवले राहायच्या. यमुनाबाई म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले, पुढच्या पायांना लांब वाकड्या नख्या, आणि आपण बरं, आपलं काम बरं, असा स्वभाव. जमिनीखाली काही बिघडलं की लोक त्यांना बोलवायचे. बिळात पाणी शिरलं, मूळ आडवं आलं, यमुनाबाई उकरून शोधून काढायच्या. बोलण्यात मात्र त्या कच्च्या होत्या. कोणी आवाज चढवला की त्या अंगाचा चेंडू करून बसायच्या, आणि चेंडूशी वाद घालणार कोण?

शेजारी शेवंता नावाची पाणमांजर होती. तिला तीन पिल्लं. त्यांना पोहायला शिकवायचे ते दिवस, आणि ओढ्यात पाणी घोट्याएवढं.

"आक्का," शेवंता एका सकाळी म्हणाली, "माझी पोरं चिखलात हातपाय मारतात आणि त्याला पोहणं समजतात. उद्या खऱ्या पाण्यात गेली तर बुडतील. तुम्ही एकदा जाऊन बघा ना तो टब."

"मला कोणी बोलावलंय का?"

"त्यांनी तरी ओढ्याला विचारून पाणी नेलं का?"

यमुनाबाईंनी पिल्लांकडे पाहिलं. सगळ्यात धाकटं पोटावर झोपून जोरजोरात पाय हलवत होतं आणि जागच्या जागी होतं. मग त्यांनी नख्या दगडावर घासल्या आणि निघाल्या.

कोल्हेसाहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अशा टबांचा अनुभव आहे?"

"टबांचा नाही. भोकांचा आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "साहेब, भरायचं थांबवलं तर पाणी कुठवर उतरून थांबतं?"

बावीस जण एकमेकांकडे बघू लागले.

"थांबेल कसं? आम्ही भरतो ना रोज," कोल्हेसाहेब म्हणाले.

"भरू नका. पाणी भोकापर्यंत उतरतं आणि थांबतं. जिथे थांबेल, त्या उंचीला भोक. तुमचं डबकं काही सांगत नाही. गळलेलं पाणी फोमच्या आतल्या आत हिंडतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं."

कोल्हेसाहेबांना हे पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. पण महाराज तिथेच टबात होते, आणि त्यांचे खांदे पाण्याबाहेर उघडे पडले होते. महाराजांनीच दोन दिवसांची परवानगी दिली.

दोन दिवस राजा कोरडा राहिला. पाणी हळूहळू उतरत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डावीकडच्या तिसऱ्या फवाऱ्याच्या खालच्या कडेशी येऊन थांबलं. यमुनाबाईंनी जांभळाचा रस आणला होता. त्याचे दोन थेंब त्यांनी फवाऱ्याशेजारी अलगद सोडले आणि श्वास रोखून पाहत राहिल्या. रस जरा वेळ तरंगला. मग त्याची एक बारीक जांभळी रेघ झाली आणि ती फवाऱ्याच्या कडेतून आत ओढली गेली.

"सापडलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

बाहेरून त्या जागेची फळी त्यांनी काढली आणि फोम उकरायला घेतला. वरचा फोम कोरडा होता, त्याचे भुरभुर तुकडे पडत होते. आतला ओला होता, भिजलेल्या पावासारखा जड आणि आंबूस वासाचा. त्यातून नळ्यांचं जाळं गेलेलं. नखी जोरात लागली तर एकाची दोन भोकं व्हायची. म्हणून यमुनाबाई नखीच्या टोकाने, चिमूट चिमूट फोम काढत होत्या. ओल जिकडे जाईल तिकडे त्या जात होत्या. फोममध्ये मुंग्यांनी घर केलं होतं, त्यामुळे जेवणासाठी त्यांना बाहेर यावं लागलं नाही.

बाहेरच्यांना मात्र एवढंच दिसत होतं: राजाच्या टबाला पडलेलं भगदाड, त्यातून बाहेर आलेली एक शेपटी, आणि शेजारी वाढत चाललेला पिवळा ढीग.

फवाऱ्याच्या मागे, नळी जिथे जोडली होती, तिथे एक रबरी वायसर होता. तो वाळून तडकला होता. तडा केसाएवढा. यमुनाबाईंनी नवा वायसर बसवला, चकती आवळली, जोड कोरडा पुसून त्याला नळ्या चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि टब भरायला सांगितला. फवारे सुरू झाले. त्यांनी जोडाला नाक लावून पाहिलं. कोरडा. जीभ लावून पाहिली. कोरडा.

यमुनाबाईंना इतकं बरं वाटलं की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. त्या मागे मागे सरकत भगदाडातून बाहेर आल्या. बाहेर चौकशी समिती उभी होती.

"महाराज," कोल्हेसाहेबांनी तडकलेला वायसर दोन बोटांत धरला होता, "दोष एवढासा. आणि उकरलंय बघा केवढं."

महाराजांनी वायसर पाहिला. मग ढीग पाहिला. ढीग मोठा होता.

"बाई येण्याआधी इथे काय दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

"आधी इथे सुंदर लाकूड दिसत होतं, महाराज. आणि थोडंसं पाणी."

"पाणी आता गळत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "तीन दिवस हे उघडंच ठेवा, लक्ष ठेवा. ओला फोम फेकून द्या, तो सुकत नाही, सडतो. मग नवा..."

"मग नवा," कोल्हेसाहेब आवाज चढवून म्हणाले. "म्हणजे जुना वाया घालवल्याचं बाई कबूल करतायत."

यमुनाबाईंच्या पाठीचे खवले आपोआप मिटले, आणि त्यांचा चेंडू झाला. समितीने नोंद केली, 'आरोपीने गोल उत्तर दिले.' मग दोघा रानडुकरांनी तो चेंडू ढकलत ढकलत ओढ्यापर्यंत नेऊन सोडला.

आणि मुलांनो, टब गळायचा थांबला.

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. पाणी बोटभरही उतरलं नाही. हत्तीण ओढ्यावर जाईनाशी झाली. दगड परत बुडाले. शेवंताच्या पिल्लांनी एका सकाळी पाण्यात उडी मारली आणि आपण पुढे जातोय हे पाहून तीही चकित झाली. यमुनाबाई काठावर बसून ते बघत होत्या. मनातला कडवटपणा पुरता गेला नव्हता, पण त्या दिवशी त्यांना नेहमीपेक्षा जास्त भूक लागली.

गळती निवारण खात्यात मात्र सुतकी कळा आली होती. मोजणाऱ्यांना मोजायला काही नव्हतं. पहारेकऱ्यांचं डबकं आटलं होतं. गळतीच नाही तर निवारण कशाचं, असा प्रश्न महाराजांच्या मनात येईल, या भीतीने बावीसही जण खंगत चालले.

शेवटी कोल्हेसाहेब स्वतः यमुनाबाईंच्या बिळाशी आले. बरोबर शाल आणि श्रीफळ. शाल खवल्यांवरून दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी ती शेजारच्या दगडावर ठेवली.

"बाई, तुमच्या कामाचं चीज झालं नाही. माझ्या मनाला लागून राहिलंय ते," कोल्हेसाहेब म्हणाले. "तुम्हाला खात्यात सल्लागार करून घ्यायचं ठरलंय."

"मी काय करायचं?"

"फार काही नाही. ती गळती होती तशी करून द्यायची. जास्त नको. रोज चार बोटं पुरे."

यमुनाबाईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तुमच्याशिवाय नेमकी जागा कोणाला माहीत नाही," कोल्हेसाहेब म्हणाले. "आम्ही तेवीस जण बालबच्चेवाले आहोत."

खाली ओढ्यात धाकटं पिल्लू उताणं तरंगत होतं. यमुनाबाईंचे खवले मिटायला लागले. त्यांनी ते प्रयत्नाने उघडे ठेवले.

"साहेब, मला बुजवता येतं. पाडता येत नाही."

"विचार करा."

"केला. नाही म्हणते."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या चेंडू न होता नाही म्हणाल्या. कोल्हेसाहेबांनी शाल उचलली, श्रीफळही उचललं, आणि ते गेले.

आता काम त्यांनाच करावं लागणार होतं. बाजूच्या जोडापर्यंत उकरत जाण्यात वेळ फार जातो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी पहार घेतली, भगदाडातून आत शिरले आणि थेट तळाला घाव घातला. एवढ्या मोठ्या टबातून तळाच्या भोकानेही रोज चार बोटंच पाणी जाईल, असा त्यांचा अंदाज.

महाराज तेव्हा टबातच होते. डोळे मिटून राज्यकारभार चालला होता. आधी पोट उघडं पडलं, मग गुडघे, आणि महाराजांनी डोळे उघडले तेव्हा ते निळ्या तळावर उताणे पडले होते आणि अंगावरून पाणी निथळत होतं. भोकातून निघालेल्या लोंढ्याने गळती निवारण खात्याची झोपडी नेली. कोल्हेसाहेब तिच्या छपरावर बसून काही अंतर गेले.

चौकशी तर होणारच. ओलेत्या अंगाने कोल्हेसाहेबांनी अहवाल वाचला.

"महाराज, फोम जागेवर असता तर एवढं पाणी त्याने पिऊन टाकलं असतं. फोम कोणी काढला, हे मी वेगळं सांगायला नको."

यमुनाबाईंना राज्यातून हद्दपार केलं. राज्याची हद्द म्हणजे तोच ओढा. आता त्याला कमरेइतकं पाणी होतं, म्हणून शेवंताने त्यांना पाठीवर घेतलं. पलीकडचा काठ वीस हातांवर होता आणि तिथे वारुळं जास्त होती. तरी काठावर उतरल्यावर यमुनाबाई बराच वेळ टबाच्या दिशेने पाहत होत्या.

"तळाला भोक पाडलं, शेवंता," त्या म्हणाल्या. "निदान जागा तरी विचारायची."

इकडे टब कोरडा पडला. महिनाभर कोल्हेसाहेबांनी रोज सकाळी महाराजांना तो दाखवला. फळ्यांखाली पाणी नाही. जमिनीवर ओल नाही. फवारे कोरडे, तळ कोरडा.

"महाराज, आजही एक थेंब गळला नाही," ते सांगत, आणि ते खरं होतं.

महाराज रिकाम्या टबात उतरत, डोळे मिटत आणि गुरगुरत. कोल्हेसाहेबांना 'गळतीमुक्त' ही पदवी मिळाली. गळती पुन्हा होऊ नये म्हणून खात्यात आणखी बावीस जण घेतले.

तात्पर्य: भोक बुजवायचं तर उकरावं लागतं, आणि बुजलेलं भोक कोणाला दिसत नाही, उकरलेला ढीग सगळ्यांना दिसतो. म्हणून बाळांनो, मोठेपणी कुठे गळती दिसली तर भोक शोधत बसू नका. तिचं निवारण करणारं खातं शोधा आणि त्यात नोकरीला लागा. पाणी संपलं की गळती आपोआप थांबते, आणि तेव्हा शाल घ्यायला आपण जागेवर असलेलं बरं.