उमाजींचं पोट

"पप्पा, निकलो ना जल्दी! माझी बस जाईल!" त्रिवेणीनं बाथरूमचं दार पुन्हा एकदा बडवलं.

"आलो गं," असा दबका आवाज आतून आला आणि मग तो आवाज स्वतःशीच बोलू लागला. "थोडं अजून... अजून थोडं... थांब... आता... आता... अरेरेरे!"

शेवटचा 'अरेरे' असा काही आतड्यापासून आला, की पोळ्या टाकून दारापाशी आलेल्या पद्मावतीबाईंच्या काळजात चर्र झालं. पिठाचे हात तसेच छातीशी धरून त्या लेकीला म्हणाल्या, "नको गं बडवू. बिचाऱ्यांना किती त्रास होऊ लालाय बघ."

आत उमाजी कमोडचं झाकण न उघडताच त्यावर बसले होते. हातात फोन होता आणि फोनवर 'आसमान छक्का' नावाचा खेळ होता. एक बॅट्समन चेंडू टोलवतो, चेंडू वर वर जातो आणि तो जितका वर जाईल तितके लावलेले पैसे वाढत जातात. खेळणाऱ्यानं फक्त 'काढा' हे बटण वेळेवर दाबायचं. दाबायच्या आत कुठल्यातरी फिल्डरनं झेल घेतला, की सगळं बुडालं. झेल कधी घेतला जाणार हे त्या खेळवाल्यांनाच ठाऊक. असल्या खेळांना बंदी आहे हे उमाजी जाणून होते. पण काचीगुडा रेल्वे स्टेशनच्या पार्सल बुकिंग ऑफिसात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या गौतमनं एक लिंक पाठवली होती, आणि बंदी असलेल्या गोष्टीला लिंक असते हे उमाजींना त्या दिवशी कळलं.

पहिल्याच दिवशी ते जिंकले होते. माणसाचं वाटोळं करायचं असलं की दैव त्याला आधी जिंकवतं. त्या संध्याकाळी उमाजींनी घरी जिलेबी नेली, 'इन्सेंटिव्ह मिळालं' असं सांगितलं आणि बायकोनं देवापुढे ठेवलेली जिलेबी डोळे मिटून प्रसाद म्हणून खाल्ली. त्यानंतर जिलेबी आणायचा प्रसंग आला नाही.

नल्लकुंट्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आतून कडी लागणारी जागा एकच होती. त्यामुळे ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यानंतर उमाजी तिथे जाऊ लागले.

तर त्या दिवशी दार उघडून उमाजी बाहेर आले, तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहरा उतरला होता. त्रिवेणी वाऱ्यासारखी आत घुसली. पद्मावतीबाईंनी हळूच विचारलं, "नाहीच का झालं?"

उमाजींच्या डोळ्यांसमोर अजून तो चेंडू होता. ते म्हणाले, "होता होता राहिलं."

"रोज असंच होतंय का?"

"रोजच की. अगदी शेवटच्या क्षणाला घात होतो."

"अहो, मग बोलायचं नाही का? किती दिवस असं मनात ठेवून परेशान होऊ लालात!"

उमाजींनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती कशाबद्दल बोलतेय हे त्यांना आत्ता कुठे उमगलं. खरं सांगायची वेळ होती ती. तोंडही उघडलं होतं. पण इतकी सोयीची गोष्ट आयती चालत दारी आलेली असताना तिला हाकलून देणं त्यांच्या जिवावर आलं. "तुला उगीच कशाला काळजी, म्हणून नाही बोललो," ते म्हणाले आणि त्या क्षणापासून उमाजींचं पोट बिघडलं.

त्याच रात्री इसबगोल आलं. ते पुरेना म्हणून एरंडेल आलं. घरात तिखट बंद झालं, मटण बंद झालं, मसालेदार बागारा भाताच्या जागी गुरगुट्या भात आला. एरंडेलानं निरोगी माणसाचं जे व्हायचं तेच उमाजींचं झालं. आता त्यांना खरोखरच बाथरूमकडे धावावं लागे, आणि तिथे अशी तारांबळ उडे की फोन हातात धरायची सोय राहिली नाही. एकदा चेंडू आभाळात असताना पोटात अशी कळ आली, की 'काढा' दाबायचं राहून गेलं आणि पैसे एरंडेलावाटे गेले.

मग दत्तोबा आले. दत्तोबा म्हणजे पद्मावतीबाईंचे थोरले भाऊ. दिलसुखनगरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानात बसून बसून मोठ्यानं बोलायची सवय जडली होती.

"दाजी, पोटाचं दुखणं अंगावर काढायचं नसतं!" ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या शेजारचा असाच काढत बसला. शेवटी पोट फाडावं लागलं. हे घ्या पैसे. सगळ्या टेस्ट करून टाका. नाही म्हणू नका, बहिणीसाठी देतोय."

"दादा, कशाला उगीच..." उमाजी म्हणाले, पण पाकीट खिशात गेलं होतं.

टेस्ट करायला ते एकटेच गेले. 'तिथे बायामाणसांचं काम नाही' असं पद्मावतीबाईंना सांगून ते काचीगुडा स्टेशनच्या पार टोकाच्या, ऑफिसातलं कुणी फिरकत नाही अशा बाकड्यावर जाऊन बसले. बुडालेले सगळे आज भरून काढायचे, दत्तोबांचे पैसे परत करायचे, फोनमधून तो खेळ पुसून टाकायचा आणि संध्याकाळी बरं होऊन घरी जायचं, असा त्यांचा साधा बेत होता. गाड्या आल्या, गेल्या. झेल घेणाऱ्या फिल्डरांनी त्या दिवशी एकही चेंडू सोडला नाही.

"काय म्हणाले?" घरी पद्मावतीबाईंनी विचारलं.

"अजून मोठी टेस्ट करावी लागेल म्हणाले."

"आणि रिपोर्ट?"

"रिपोर्ट त्यांच्याकडेच असतात."

खोट्याचं असं असतं, की एक पाळलं की त्याला खायला घालायला दुसरं आणावं लागतं. मोठ्या टेस्टसाठी उमाजींनी स्कूटर विकली. डॉक्टरांनी गचके खायचे नाहीत असं सांगितलंय, हे त्यांनी इतकं पटवून सांगितलं की घेणारा मेकॅनिकसुद्धा हळहळला. स्कूटर आभाळात गेली आणि झेलली गेली. उमाजी बसनं लोंबकळत ऑफिसला जाऊ लागले. बसचे गचके स्कूटरपेक्षा जास्त असतात हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आजारी माणसाच्या बोलण्यात खोट काढायची नसते.

सगळ्या नात्यात बातमी पसरली. फोन येऊ लागले. उमाजी सगळ्यांना दुखणं वर्णन करून सांगत. आधी नुसतं जड वाटतं म्हणत, मग मुरडा येतो म्हणू लागले, मग आतून कुणी पिळतंय असं. सांगता सांगता त्यांना त्यात गोडी वाटू लागली. बायको उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची. लेक दार बडवायची थांबली. तोंड धुवायला शेजारी जाऊ लागली. इतकी इज्जत उमाजींना धडधाकट असताना कधी मिळाली नव्हती.

एका सकाळी पद्मावतीबाई कपात नुसतं गरम पाणी घेऊन बसल्या होत्या.

"चहा संपला का?" उमाजींनी विचारलं.

"सोडलाय. तुमचं पोट बरं होईपर्यंत," त्या म्हणाल्या आणि फुंकर मारून पाणी प्यायल्या.

चहाशिवाय या बाईचा डोळा उघडत नाही हे उमाजींना लग्नापासून माहीत होतं. आता बस, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आता एकदाच मोठा डाव लावायचा आणि सुटायचं. ते आत गेले, कडी लावली आणि पगार लावला.

बाहेर आले तेव्हा ते भिंतीला धरून चालत होते. पद्मावतीबाईंना वाटलं, दुखणं वाढलं.

आणि खरंच वाढलं होतं. इतका इतका वेळ त्या कमोडवर बसून आणि आवळून आवळून उमाजींना तिथे दुखू लागलं होतं. एके दिवशी रक्त दिसलं. पण आता सांगणार काय? मुरडा, कळ, पिळणं, सगळे शब्द आधीच खर्चून झाले होते. खऱ्या दुखण्यासाठी त्यांच्याकडे एकही उरला नव्हता. ते नुसतेच "आई आई" करत पडून राहिले. पद्मावतीबाईंनी भावाला फोन केला. दत्तोबा मोटार घेऊन आले आणि उमाजींना मागच्या सीटवर आडवं टाकून आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

दत्तोबा मोटार लावायला जागा शोधत राहिले आणि नवराबायको आत गेले. डॉक्टर वयस्क होते, घाईत होते. त्यांनी पडद्यामागे तपासलं, हात धुतले आणि खुर्चीत बसले.

"पाइल्स है. इत्ता घबराने का नक्को. बाथरूम में कित्ती देर बैठते?"

"एक-एक घंटा, डॉक्टरसाब," पद्मावतीबाईंनीच सांगितलं. "बहुत तकलीफ है इनकू."

"फोन लेके जाते?"

"हौ, लेके जाते. मन रमावने कू."

डॉक्टर हसले. "आजकल दस में से आठ लोगां को येइच है. तकलीफ है करके नई बैठते अम्मा, बैठते करके तकलीफ है. पेट में कुछ नई है इनके."

"ऐसा कैसा? मोठ्या मोठ्या टेस्ट केल्या की!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, दाखवा ना यांना. कुठल्या दवाखान्यात केल्या सांगा. मागवून घेतील."

उमाजी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घालून मलमाचं नाव लिहायला घेतलं. अशी जोडपी त्यांनी पाहिली असावीत.

बाहेरच्या बाकड्यापाशी पद्मावतीबाईंनी हात पुढे केला. "फोन द्या."

उमाजींनी दिला. तो हातात पडताच टिंग वाजला. 'उमाजी, किधर गायब? आपके लिए एक गेंद फ्री!' असं पडद्यावर लिहिलं होतं आणि बॅट्समन डोळा मारत होता.

"हे काय आहे?"

उमाजींनी सांगितलं. सगळं सांगितलं. जिलेबीपासून पगारापर्यंत. बसता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या बाकड्यावर बसल्या आणि पदरानं फोनची काच पुसत राहिल्या, जणू पुसल्यानं आतलं जाईल.

तेवढ्यात दत्तोबा धापा टाकत आले. "काय म्हणाले गं डॉक्टर?"

उमाजींनी डोळे मिटले.

"पोटाचंच आहे दादा," पद्मावतीबाई म्हणाल्या. "जुनं झालंय. दिवस लागतील म्हणाले."

दत्तोबा त्यांना घरी सोडून गेले. आत आल्यावर पद्मावतीबाईंनी दार लावून घेतलं आणि मग त्या बोलल्या. "आजाऱ्याची बायको म्हणून मी नल्लकुंट्यातनं मान वर करून फिरते. लोक वाट सोडतात, भाजीवाली मूठभर जास्त घालते. जुगाऱ्याची बायको म्हणून कुठून फिरू? पोरीचं लग्न व्हायचंय अजून. तेव्हा आता तुम्ही आजारीच. कळलं? मी सांगेपर्यंत बरं व्हायचं नाही."

"अगं, पण किती दिवस?"

"जुनं दुखणं आहे. जन्माचं असतं."

पगार त्या दिवसापासून पद्मावतीबाईंच्या हाती गेला, फोन त्रिवेणीच्या. बाथरूमची कडी दत्तोबांनी स्वतः येऊन काढून टाकली. 'आत चक्कर येऊन पडले तर?' असं बहिणीनं त्यांना सांगितलं होतं.

रविवारी नातेवाईक भेटायला आले. पावलं वाजताच पद्मावतीबाईंनी नवऱ्याला पलंगावर आडवं केलं आणि गळ्यापर्यंत चादर ओढली. पुढच्या खोलीत मंडळी बसली. कपबशांचा आवाज आला, पंखा मोठा केल्याचा आवाज आला. मग दत्तोबांचा आवाज, हळू बोलायचा प्रयत्न करत असलेला, म्हणून नुसता अर्ध्या गल्लीला ऐकू जाणारा.

"वाईट वाटतं हो. असल्या देवमाणसाच्या वाट्याला हे यावं! ना बिडी, ना तंबाखू, साधी सुपारीसुद्धा नाही. एक व्यसन नाही बघा अंगाला!"

"चालायचंच दादा," पद्मावतीबाईंचा आवाज आला. "आपण काय करणार?"

उमाजींनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.