खैरनार साहेब शेगडी बसवतात

खैरनार साहेब कुणाच्या घरी गेले की यजमानाकडे बघत नाहीत, आधी पडद्यांकडे बघतात. मग सॉकेटकडे, मग दारामागे साचलेल्या चपलांकडे. "वेळ आली तर पळणार कुठून तुम्ही?" हे त्यांचं "काय, कसं काय?" आमच्याकडे गणपतीला आले तेव्हा सगळे आरती म्हणत होते आणि हे खिशातला टेप काढून निरांजनापासून कागदी मखरापर्यंतचं अंतर मोजत होते. "पाठक, बावीस सेंटीमीटर. तुला झोप कशी लागते रे?"

झोप मला पूर्वी लागायची. मग आम्ही इथे आखातात, मंगफ भागातल्या या इमारतीत राहायला आलो. साहेब दुसऱ्या मजल्यावर, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीतही आम्ही एकत्रच. मी मेंटेनन्सला, ते सेफ्टीला. दिवसभर ज्यांच्या सहीसाठी मी उन्हातान्हात वणवणतो, तेच संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटतात आणि म्हणतात, "उतर. पाचवा माणूस आहेस तू."

त्यांचं अरबी तीन शब्दांचं आहे, आणि तिन्हींचा अर्थ "मनाई" असाच होतो.

गेल्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्यांचा फोन आला. "उद्या राईच्या बाजारात जायचंय. शेगडी घ्यायचीय."

"कसली शेगडी?"

"पेलेटची. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळते. पुढे काच, मागे धुराचा पाइप. हॉलमध्ये बसवायची."

ज्या देशात वर्षातले आठ महिने आम्ही एसीच्या तोंडाशी बसून काढतो, तिथे हा गृहस्थ शेगडी घेणार! तसा जानेवारीत इथेही वाळवंटावरून वारा सुटतो आणि फरशी बर्फासारखी लागते. पण त्याला एक ऑइल हीटर पुरतो. तसं मी म्हणालोही.

"हीटर नाही चालत."

"का?"

"नाही चालत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. शुक्रवार हा माझा सुट्टीचा, लोळायचा दिवस. तो गेला.

राईतल्या त्या दुकानात वाळवंटातल्या तंबूंचं सामान आणि शेगड्या मिळतात. मालक दाऊदभाई दापोलीकडचे. मराठी ऐकून माणूस खूश झाला. "काय टेन्शन घेव नका साहेब. पाइप खिडकीतना भायर काडला, का काम झाला!"

"खिडकीतून?" साहेब म्हणाले. टाकीशेजारी कुणी सिगारेट पेटवली तर ते याच आवाजात बोलतात. मग स्टूल ओढून त्यांनी शेगडीचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. अख्खं. दाऊदभाईंनी दोनदा चहा मागवला, नमाजाला जाऊन आले, तरी साहेब चाळिसाव्या पानावर. भिंतीपासून किती अंतर, पाइप दुहेरी पत्र्याचा आहे का, बाहेरची हवा आत घ्यायची सोय कुठे, वीज गेली तर आतला पंखा थांबून धूर उलटा येईल त्याचं काय. शेवटी दाऊदभाई माझ्याकडे वळून काकुळतीने म्हणाले, "भाऊ, हे शेगडी घेताव का माजी परीक्षा घेताव?"

शेगडी घेतली. दुसरा शुक्रवार घरमालकाच्या लेखी संमतीत गेला. साहेबांनी नकाशासकट अकरा पानांची फाइल केली होती. मालक भला माणूस. त्याने न वाचताच सही केली. साहेबांनी कागद परत त्याच्यापुढे सरकवले आणि मला म्हणाले, "वाचून सही करायला सांग त्याला." माझं अरबी चार शब्दांचं. मी हात जोडून दाखवले.

तिसऱ्या शुक्रवारी दाऊदभाईंचे मिस्त्री भिंतीला भोक पाडायला आले, तर साहेब टेप घेऊन आमच्या बेडरूममध्ये. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, पलंगावर धुतलेले कपडे पसरले होते. ते ओलांडून साहेब खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळले.

"इथे नाही चालणार. पाइपाचं तोंड तुझ्या खिडकीच्या फार जवळ येतंय. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पाठक. तुम्ही दोघं झोपेत असाल, कळणारसुद्धा नाही."

मिस्त्री परत गेले. शेगडीची भिंत बदलली. नव्या भिंतीशी सोफा होता, म्हणून सोफा गेला. पाठोपाठ पडदे आणि गालिचा. शेगडीखाली जाड लादी आली, शेगडीसाठी वेगळं अर्थिंगचं सॉकेट आलं, वीज गेली तर म्हणून बॅटरी आली. राख काढायला झाकणाचा पत्र्याचा डबा, तो ठेवायचा बाल्कनीत, कारण वरून गार दिसली तरी राखेच्या पोटात निखारा राहतो. विषारी वायूचे तीन अलार्म आले. त्यातला एक त्यांनी आमच्या बेडरूममध्ये स्वतः लावून दिला आणि रोज विचारू लागले, "बटण दाबून बघितलंस?"

चौथ्या शुक्रवारी पाइप जोडून झाला. साहेबांनी शेगडी थोडी पेटवली आणि पाइपाच्या प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरून धुराची रेघ हलते का ते बघत राहिले. मी टॉर्च धरला होता. माझा खांदा भरून आला होता. शेवटी मिस्त्र्यांनी शेगडीभोवती लोखंडी जाळीचं कुंपण उभं केलं आणि भिंतीत बोल्टने पक्कं केलं. त्याची कडी पार वर, माणसाच्या डोक्याच्याही वर.

मिस्त्री गेल्यावर मात्र माझा पेशन्स संपला. "साहेब, घरात लहान मूल नाही. कुंपण कुणासाठी? महिनाभर माझा एक शुक्रवार धड गेला नाही. एवढी थंडी वाजते तरी कुणाला?"

साहेब उघड्या फरशीवर बसले. बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

शोभावहिनींना, त्यांच्या पत्नीला, आम्ही वर्षभर पाहिलं नव्हतं; या महिनाभरातही आतल्या खोलीचं दार बंदच असायचं. पूर्वी त्या मराठी मंडळात पोरांची नाटकं बसवायच्या. अलीकडे विचारलं की साहेब एवढंच सांगायचे, "गुडघे."

"गुडघे नाहीत रे," ते म्हणाले. "ती विसरते. आता बरंच विसरते."

वहिनींचं माहेर निफाडजवळचं, द्राक्षबागायतदाराचं. तिथे कडाक्याची थंडी पडली की द्राक्षांचे मणी तडकतात, वर्षाचं पीक जातं. मग बागेवर धुराचं पांघरूण राहावं म्हणून पहाटे अख्खं घर उठून शेकोट्या पेटवतं. त्या आधीच्या जानेवारीत एका सकाळी साहेब अंघोळ करून बाहेर आले तर हॉलमध्ये धूर कोंडला होता. सोफा आणि पडद्याच्या मधे वर्तमानपत्रं आणि लाकडी हँगर यांचा ढीग पेटला होता आणि वहिनी त्याला वारा घालत होत्या.

"मी ओरडलो तिच्यावर. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती रडायला लागली. म्हणाली, 'अहो, असं काय करता, माल जाईल ना सगळा.'" साहेबांनी कुंपणाचा एक बोल्ट चाचपला. "स्वयंपाकघराला कुलूप लावलं, तर दार बडवत बसते. हीटर आणला, तर म्हणते, यात जाळ कुठाय? मुलगी म्हणते, पुण्याला चांगली संस्था आहे, आईला तिथे ठेवू. तिचं चुकत नाही. दुसऱ्या कुणाची केस असती तर मीही तोच रिपोर्ट दिला असता."

मी टॉर्च बंद करून खाली ठेवला.

रविवारी पहाटे कंपनीच्या बससाठी मी उतरत होतो. साहेबांचं दार उघडं होतं. त्यांनी हाताने आत बोलावलं. काचेमागे पिवळा जाळ चांगला धरला होता. कुंपणापाशी चटईवर वहिनी बसल्या होत्या. स्वेटर, वर शाल, पाय पोटाशी घेतलेले. वाळल्या होत्या, पण चेहरा शांत होता. त्यांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं.

"फवारणीला आलात का?"

मी नुसतीच मान हलवली.

"आज नका मारू औषध. फार गारठा आहे." मग त्या साहेबांकडे वळल्या. "अहो, वारा कुठला आहे ते बघा. धूर बागेवर राहतोय ना?"

साहेब खिडकीशी गेले. त्या पाइपातून धूर जेमतेम निघतो, आणि समोर आमच्या इमारतीचं पार्किंग, धुळीने माखलेल्या दहाबारा गाड्या आणि कचऱ्याचं पिंप. ते बराच वेळ तिकडे बघत उभे राहिले, अगदी नीट तपासल्यासारखे.

"वारा पडलाय, शोभा. धूर बागेवरच आहे."

"आणि मणी?"

"एकही तडकला नाही."

"मग बसा की घटकाभर. किती धावाल?"

ते वहिनींच्या शेजारी बसले. त्यांनी शालीचं एक टोक सोडवून साहेबांच्या खांद्यावर टाकलं. खाली बसचा हॉर्न वाजला. साहेबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तू हो पुढे, पाठक. मला आज उशीर होईल."

मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरलो.