घोडेराव आणि मंडळी

करंदीकर काकांकडे जेवताना माझं वरण घोडेरावांच्या तोंडावर गेलं, तर काका स्वतः घोडेरावांची माफी मागत.

घोडेराव म्हणजे ताटलीवरचं चित्र. वर माणूस, कमरेखाली घोडा. जुन्या इटालियन चिनीमातीच्या अशा सहा ताटल्या काकांकडे होत्या. देश सोडून निघालेल्या एका इटालियन शेजाऱ्याकडून घेतलेल्या. कडेला द्राक्षाची वेल, मधोमध ग्रीक-रोमन कथांमधलं कुणीतरी. काकांनी सगळ्यांची बारशी उरकली होती. बकरीच्या पायांचे बासरीवाले, झांजा वाजवणाऱ्या सुमनताई, पंखवाला बाळ्या, शिरस्त्राण घालून घुबड घेऊन बसलेल्या हेडबाई. सहावीच्या मधोमध मात्र कोणीच नव्हतं.

काका विमा कंपनीत होते. मी नोकरीसाठी परदेशी आलो तेव्हा टॅम्पिनीस भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेतली होती. लग्नाचं विचारलं तर म्हणत, "राहून गेलं."

मी सांगोल्याकडचा, घरातला पहिला पदवीधर. आमची ताटं स्टीलची. पहिल्या दिवशी पुढ्यात हेडबाई आल्या आणि मला भात वाढून घ्यायचा धीर होईना.

"काका, स्टीलचं ताट नाही का?"

"आहे की. त्यात मी कणीक मळतो. बसा शिंदे, अदबीनं. आणि भात कडेला घ्या. मधोमध माणसं बसलीत."

'अदबीनं' हा त्यांचा आवडता शब्द. लिफ्टचं बटणसुद्धा ते अदबीनं दाबायला लावत.

स्वतः मात्र ते कायम ती सहावी ताटली घेत. चांगलं ते दुसऱ्याला, असं असावं. मला करपलेली भाकरी आपल्याकडे ओढणारी आई आठवायची.

एकदा मी बाहेर जेवून येईन असं सांगून गेलो होतो. पण वन-नॉर्थच्या ऑफिसातली मीटिंग रद्द झाली आणि सातलाच घरी परतलो. काका जेवत होते. पुढ्यात बासरीवाले.

"भात आज जरा मऊच झाला," काका त्यांना सांगत होते.

मला पाहून ते ओशाळले. उठले, सहावी ताटली काढली आणि जेवण तिच्यात घ्यायला लागले.

"राहू द्या की त्यातच, काका."

"छे. आता तुम्ही आलात ना."

दोन वर्षांनी गावी असलेल्या माझ्या बायकोला इथं राहायचा पास मिळाला आणि आम्ही दुसरीकडे घर घेतलं. निघताना काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. उघडलं तर सहावी ताटली.

"अहो, ही तर तुमची रोजची."

"समोर माणूस असलं की काढायची ती. तुम्हाला लागेल." मग कागद पुन्हा नीट करत म्हणाले, "अदबीनं न्या."

रोज लागते. भाताची मूद तिच्यात बरोबर मधोमध बसते. बायको समोर बसून दिवसभराचं सांगत असते, आणि मध्येच माझ्या मनात येतं, आज टॅम्पिनीसला काकांबरोबर कोण जेवायला बसलं असेल.